नावाचा कोहळा

भाद्रपद वद्य ४, शके १८४४. मुक्काम देवखडक

परवाना मंजूर झाला. मेहकरच्या तहसिलीतले नाझर महादेवराव यांनी आज सकाळी मला बोलावून स्वतःच्या तोंडाने ही बातमी सांगितली आणि खात्रीसाठी शिक्का उमटलेला कागद हातात दिला. परवाना उकंडराव देशमुखांच्या नावाचा आहे. त्याखाली हत्यार बाळगणारा नोकर म्हणून माझे नाव आहे. कामावर रुजू होण्याआधीच मालकाचे एक काम पार पडले, म्हणून मोठ्या उत्साहात दमणीत बसलो आणि उन्हे कलायच्या सुमारास देवखडकला पोचलो.

गाव दुसरबिडाच्या दक्षिणेला, खडकपूर्णेच्या काठावर आहे. नदीपलीकडे थोडे गेले की मोगलाई लागते. तिकडून दरोडेखोर येतात, लुटून परत जातात, आणि इकडचा शिपाई हद्दीवर उभा राहून त्यांची पाठ बघतो. देशमुखांकडे एक ठासणीची बंदूक आहे. ती ठासून होईपर्यंत चोर जेवून, हात धुऊन जातील, असे ते स्वतःच म्हणाले आणि पोट हलवीत हसले. म्हणून पिस्तूल हवे.

गाव त्यांना अप्पासाहेब म्हणते. माणूस भरदार आणि बोलका आहे. मला 'दिवाणजी' म्हणून हाक मारली तेव्हा अंगावर मूठभर मांस चढले. अमरावतीला मी कापसाच्या जिनात साधा कारकून होतो. राहायला नदीच्या बांधाजवळचे दोन खणांचे घर दिले आहे, नुकतेच पांढऱ्या मातीने सारवलेले. अप्पासाहेबांच्या पत्नी सोजराबाई यांनी भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा पाठवला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढले.

शेजारी निवृत्ती माळ्याचा मळा आहे. विहिरीला बारमाही पाणी, वांगी, दोडकी आणि बांधभर पसरलेले कोहळ्याचे वेल. तिन्ही बाजूंनी जमीन देशमुखांची, मधला हा तुकडा तेवढा याचा. निवृत्ती आणि त्याची बायको मंजुळाबाई दोघेही येऊन भेटून गेली.

माझी बायको पुष्पा दसऱ्याआधी येणार. पाचवा महिना चालू आहे. तिला चुलीचा धूर जायला वाट लागते. उद्या गवंड्याला सांगायचे.

भाद्रपद वद्य ७

बुलढाण्याला जाऊन हत्यार घेतले.

विकणारा इंद्रभान नावाचा पलटणीतून परत आलेला जमादार. बसऱ्याच्या लढाईत होता. तिथे एखादा साहेब मेला की त्याचे सामान छावणीतच लिलावात काढतात. तसे हे पिस्तूल त्याच्याकडे आले. आता सरकारला लढाईतला जुना माल नको, आणि त्यालाही नको. एका दुभत्या शेळीच्या भावात त्याने ते दिले. मी घासाघीस करायला तोंड उघडले तर त्यानेच आणखी उतरवले. असा दुकानदार मी पाहिला नव्हता.

सहाबारी आहे. खटका दाबला की नळी मोडून खाली वाकते आणि उडालेल्या काडतुसांची टोपणे आपोआप वर येतात. मुठीचे लाकूड बदललेले आहे. बुडाशी दोरी ओवायची कडी आहे. वरचा रंग उडून तपकिरी झाला आहे, पण नळीतून पाहिले तर आतला पीळ स्वच्छ. मी म्हटले, एक बार काढून दाखवा. तो म्हणाला की ते त्याच्याने होणार नाही, घरी नेऊन बघा. मग पितरपाटात, पितरांच्या पंधरवड्यात, नवी वस्तू घेता का, असे त्याने विचारले. मी हसून सांगितले की वस्तू नवी कुठे आहे.

तो हसला नाही. पिशवीभर काडतुसे मात्र फुकट दिली.

भाद्रपद वद्य ९

आज पिस्तूल चालवून पाहिले. फजितीच झाली म्हणायची.

इथे रीत अशी की नवी गाडी, नवी विहीर, नवे हत्यार, काहीही आले की त्याला आधी एक जीव द्यायचा. अप्पासाहेबांच्या वडिलांनी गळ्यात माळ घातल्यापासून या घरात रक्त सांडत नाहीत. बोकडाऐवजी कोहळा देतात. त्याला कुंकू लावायचे, ज्याच्या बदली तो द्यायचा त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे, आणि विळ्याने कापायचा. जीव वाचला, देवाची भूकही भागली. अप्पासाहेब म्हणाले की बंदुकीचा कोहळा बंदुकीनेच कापावा. सगळ्यांना गंमत वाटली.

निवृत्तीने मळ्यातला चांगला राखट, घागरीएवढा कोहळा आणून बांधावर ठेवला. सोजराबाईंनी कुंकू लावले. त्यांचा मोत्या नावाचा लाडका बोकड आहे. त्याच्या बदली हा, असे त्या म्हणाल्या. मी नेम धरून चाप ओढला. मनगटाला हिसका बसला, नदीवरचे बगळे उठले, आणि कोहळा होता तसाच राहिला. साधा ओरखडाही नाही.

निवृत्ती म्हणाला, "दिवाणजी, दरोडेखोराले आधी जवळ बोलवा, मंग कानाले नळी लावा." बायकासुद्धा पदरात हसल्या. मीही हसलो.

थोड्या वेळाने अप्पासाहेबांचा गडी तुळशीराम सांगत आला की मोत्या मरून पडला आहे. जाऊन पाहिले. बोकड वाड्याच्या मागच्या गोठ्यात बांधलेला, मध्ये अख्खे गाव आणि दगडी भिंत. कपाळाला बोराएवढे भोक. तुळशीरामने चाकूने उकरून शिसे बाहेर काढले. गोळी माझीच होती.

दगडावर आपटून गोळी भलतीकडे उसळते, असे ऐकले आहे. तसेच झाले असणार. सोजराबाई जेवल्या नाहीत.

भाद्रपद वद्य ११

नेम तपासायचा म्हणून आज अप्पासाहेब आणि मी दोघेच बांधावर गेलो. गाडगे ठेवले, पहिल्याच बाराला त्याच्या खापऱ्या झाल्या. फळी ठेवली, आरपार. मग एक कोहळा ठेवला, कुंकू नाही की काही नाही. तो असा फुटला की बिया माझ्या धोतरावर उडाल्या. म्हणजे पिस्तूल ठीक आणि माझा हातही ठीक.

अप्पासाहेब बराच वेळ दाढी खाजवीत बसले. नंतर त्यांनी दुसरा कोहळा ठेवला, अंगठ्याने कुंकू ओढले आणि पान मागावे तसे सहज म्हणाले, ढवळ्याच्या बदली. ढवळ्या हा त्यांचा म्हातारा बैल. खांदा सुजलेला, बाजारात कोणी घेत नव्हते. तो त्या वेळी टेकडीपलीकडच्या शेतात वखराला होता.

मी बार काढला. कोहळा हलला नाही. आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता बसून राहिलो. मग टेकडीवरून तुळशीराम पळत येताना दिसला, आणि त्याच्या पळण्यावरूनच मला कळले. जुवाखाली उभ्याउभ्या ढवळ्याचे गुडघे मोडले होते. दुसऱ्या बैलाला त्याने सोबत ओढून पाडले. तुळशीराम लहान पोरासारखा रडत होता. तो बैल त्यानेच वासरू असल्यापासून वाढवलेला.

अप्पासाहेबांनी त्याला जायला सांगितले. कोहळ्यावरून हात फिरवला, मांजराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग मला विचारले, "काडतुसं अजून किती हायेत, दिवाणजी?"

मी पुष्कळ आहेत असे सांगितले. खरे तेच लिहितो: चाप ओढताना मला भीती वाटली नव्हती. पाहावेसे वाटले होते.

आश्विन शुद्ध २

अप्पासाहेबांनी आणखी काडतुसांसाठी बुलढाण्याला धाडले. मी पिस्तूलही सोबत नेले. इंद्रभानला म्हटले, हे परत घे, दिलेले पैसेही परत देऊ नकोस. त्याने हात मागे घेतले. मी बोकडाचे सांगितले, बैलाचे सांगितले. तो ऐकत होता, पण त्याला नवल वाटले नाही.

शेवटी बोलला. "छावणीत आमी पोत्यात गवत भरून नेम धरत होतो. एका दिवशी पोत्याले नाव देलं. आमच्यातल्याच एकाचं. गंमत म्हून. पोतं तसंच राह्यलं. तो तिकडं पार दुसऱ्या छावणीत कणीक मळून राह्यला होता."

मला हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "सांगतलं असतं तं तुमी घेतलं नसतं." आणि दार लावून घेतले.

परत आल्यावर अप्पासाहेबांना सगळे सांगितले आणि म्हटले, नदीच्या डोहात टाकून देऊ. त्यांना पटले असे वाटले. दसऱ्याला हत्याराची पूजा होऊ द्या, मग टाकू, पूजेआधी हत्यार टाकणे बरे नाही, असे म्हणाले. इंद्रभानच्या सोबत्याची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली. अंतर किती होते तेही विचारले.

आश्विन शुद्ध ५

आज सकाळी चावडीवर अप्पासाहेबांनी निवृत्तीकडे मळ्याची गोष्ट काढली. म्हणे दुसरीकडे दुप्पट जमीन देतो. निवृत्ती तंबाखू मळत होता. म्हणाला, "अप्पासाहेब, तुमच्या घासात माझा मळा खड्यावानी लागत असन, तं तेवढा घास बाजूले ठेवा अन् जेवा." लोक खो खो हसले. सगळ्यांत जास्त अप्पासाहेब हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून त्यांनी दसऱ्यासाठी दोन कोहळे मागितले. निवृत्तीने ते स्वतः डोक्यावरून आणून दिले.

दुपारी अप्पासाहेब ते दोन्ही घेऊन माझ्या दारात आले, मागे तुळशीराम. एक बांधावर ठेवला. कुंकू लावले. निवृत्तीच्या बदली, असे म्हणाले.

मी नाही म्हटले. हात जोडून म्हटले. नोकरी सोडतो म्हटले. ते रागावले नाहीत. जोत्यावर बसले, पाणी मागून प्याले. मग विचारले की बाई मलकापूरला कधी उतरणार, दमणी वेळेवर पाठवायला हवी. गरोदर बाई वाटेतल्या नद्या ओलांडून पहिल्यांदा गावात येणार म्हणजे तिच्या नावाचाही कोहळा काढायला हवा. असे म्हणत त्यांनी दुसऱ्या कोहळ्याला कुंकू लावले आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, पुष्पाबाईच्या बदली.

"दोनातला एक आज उडवू," ते म्हणाले. "कोणता ते तुमी सांगा. मले दोन्ही सारखेच."

मी म्हटले, तुम्ही माझ्या बायकोला पाहिलेलेही नाही. तर म्हणाले, म्हणूनच सोपे आहे.

आश्विन शुद्ध ६

उडवला. काल, दिवस मावळायच्या आत.

निवृत्ती मोट हाकत होता. मोटेवर तो गातो, रोज गातो, ते गाणे माझ्या जोत्यावर ऐकू येते. मी चाप ओढला तेव्हा तो एका ओळीच्या मध्ये होता.

ती ओळ पुरी झाली नाही.

बैल सवयीने धावेवरून खाली उतरत राहिले, मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडले, पाटाने वांग्यांकडे गेले. मग ते थांबले, कारण मागे फिरा म्हणणारे कोणी नव्हते. मग मंजुळाबाईंचा आवाज.

पोलीस-पाटीलकी अप्पासाहेबांच्याच घरात आहे. धावेवरून पडला, दगड कपाळात घुसला, असे लिहिले गेले. साक्षीदार म्हणून मी सही केली. अक्षर चांगले आले आहे.

बांधावरचा कोहळा तुळशीरामने उचलून नेला. आज त्याची भाजी माझ्याकडे आली. मी पाठवू नका म्हटले नाही. कुत्र्याला घातली, कुत्र्याने खाल्ली.

आश्विन शुद्ध ७

मंजुळाबाई आल्या होत्या. दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटले तरी आल्या नाहीत. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा, दगडाने इतके गोल भोक पडते का, असे विचारले.

मी पडते म्हणून सांगितले. टोकदार दगड असला की पडते.

त्या म्हणाल्या, "तुमी म्हनता तं असन." ओटीतून चार वांगी काढून जोत्यावर ठेवली आणि गेल्या. तो रोज देत होता, म्हणून.

मळ्याच्या कुंपणाला आज देशमुखांचे गडी लागले. मंजुळाबाई भावाकडे जाणार आहेत. कोणी त्यांना जा म्हटले नाही. नुसती कुंपणाला माणसे लागली.

पुष्पाला येऊ नको अशी तार करायची होती. कागद लिहून दुसरबिडाला जाणाऱ्या माणसाजवळ दिला. संध्याकाळी तो कागद अप्पासाहेबांनी मला परत दिला. तार कशाला, दमणी परवाच गेली, असे म्हणाले. आणि आली काय, न आली काय, नावाला अंतर नसते.

आश्विन शुद्ध ८

पुष्पा आली. प्रवासाने चेहरा उतरला आहे, पण खूश आहे. चुलीचा धूर जायला वाट केलेली पाहून तिने माझ्याकडे असे पाहिले की मी बाहेर निघून गेलो.

सोजराबाईंनी तिला दुपारी वाड्यावर नेले, ओटी भरली, चिंच-गुळाची आमटी खाऊ घातली. मी आणायला गेलो. माजघरात शिंक्यात तो कोहळा टांगलेला. पुष्पाच्या डोक्यावर. कुंकू वाळून काळे पडले आहे. ती खाली बसून बायकांत हसत होती. तिला वाटते घर चांगले मिळाले.

कोहळा चोरावा असे मनात आले. पण उपयोग काय — कोहळ्यात काही नाही. गावात शंभर कोहळे. नाव तोंडात आहे.

अप्पासाहेबांनी आज नवे सांगितले. रोहिणखेडला त्यांचा चुलतभाऊ आहे, त्याने वाटणीचा दावा लावला आहे. त्यानंतर आणखी कोणी. मी विचारले, संपणार कधी. म्हणाले, कामाचा माणूस भेटला की काम वाढतेच.

पिस्तूल अजून माझ्याजवळ आहे. परवान्यावर माझे नाव, म्हणून.

मग मी कशाची वाट पाहतो आहे? नाव तर मलाही ठाऊक आहे.

आश्विन शुद्ध ९

सकाळी अप्पासाहेब दुसरबिडाच्या बाजाराला गेले. पुष्पा वाड्यावर. मी मळ्यातून एक कोहळा तोडून आणला. बांधावर ठेवला.  कुंकू लावले. मोठ्याने म्हटले — उकंडराव देशमुखांच्या बदली.

बार काढला.

कोहळा फुटला.

फुटला. गर, बिया, सगळे माझ्या पायांवर. पुन्हा दुसरा आणला, पुन्हा नाव घेतले, पुन्हा — तोही फुटला. साध्या कोहळ्यासारखा.

तुळशीराम मागे उभा होता. केव्हापासून, ठाऊक नाही. त्याने पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतले. मी म्हटले, तुळशीराम, तुझा ढवळ्या याच माणसाने मारला. तो म्हणाला, बार तुमी काढला होता.

दुपारी अप्पासाहेब बाजारातून आले ते सरळ इथे. बिया पाहिल्या. खाली वाकून एक उचलली, सोलून खाल्ली.

"माझ्या आधीचं एकही लेकरू जगलं नाही," ते म्हणाले. "म्हून मायनं मले जनमल्या जनमल्या उकंड्यावर टाकलं. शेजारणीनं पायलीभर जवारी देऊन उचलून आनलं. तवापासून मी उकंडा. मरनाले फसवायचं नाव हाये ते, दिवाणजी. कानात सांगतलेलं खरं नाव मायनं कोनाले सांगतलं नाही. मलेही नाही. ते तिच्यासंगं जळलं."

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या आळीत दगडू होता, धोंडी होती. सगळ्यांना ठाऊक असते. पण माणूस एवढा मोठा झाला, राव झाला, की नावाचा उकिरडा दिसेनासा होतो. मी तिथेच चुकलो.

मी त्यांचे पाय धरले. मला मारा म्हटले. माझे नाव घ्या, वामन, तेच बारशाचे, तेच आता आहे, दुसरे नाही.

ते म्हणाले, "तुमाले मारून मले कारभारी कुठून भेटन?"

उद्या पूजा झाल्यावर. बांधावर. सगळ्यांसमोर, पण कोणाला कळणार नाही. दसऱ्याचा कोहळा.

आश्विन शुद्ध १०, सकाळ

दाराला बाहेरून कडी. जोत्यावर तुळशीराम कुऱ्हाड घेऊन बसला आहे. पुष्पाला सांगितले आहे की गरोदर बाईने हत्याराची पूजा पाहायची नसते, इथली रीत आहे. तिने मान हलवली. ती आता निवांत बसून आपट्याची पाने पुसते आहे.

पण मला पहाटे एक सुचले. सुचले आणि मी बसलो त्या जागी रडलो, आनंदाने. उकंडराव हे मागून ठेवलेले नाव, म्हणून कोहळा फुटला. मग पुष्पा तरी काय? लग्नात ताटभर तांदळात अंगठीने ते मी लिहिले. तिचे बारशाचे नाव वेगळे आहे. आत्याने कानात सांगितलेले. ते इथे कोणाला ठाऊक नाही. मीसुद्धा ते कधी घेतले नाही. इथे लिहिणार नाही. अप्पासाहेब पुष्पाबाई म्हणतील, आणि कोहळा फुटेल, आणि —

फुटेल. मी आवाज ऐकेन. फुटल्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो.

पोटातल्याला अजून नाव नाही. त्याचे कोणाला काही वाकडे करता येणार नाही. मी किती वेळ हेच —

वाड्यावर घंटा वाजते आहे. आरती.

पुष्पाला विचारले, परवा वाड्यावर बायका काय बोलत होत्या. सहज विचारले. काल दिवसभर तिथेच होतीस, कंटाळली नाहीस ना. ती म्हणाली, छे, किती माया करतात. सोजराबाईंना मूल नाही म्हणून असेल. काल संध्याकाळी वेणी घालताना त्यांनी सगळे विचारून घेतले. माहेर कुठले, भाऊ किती. माहेरी काय म्हणून हाक मारत होते.

सांगितलेस?

हसली. म्हणाली, सांगितले, त्यात काय. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्या नावाने हाक मारली. मला बरे वाटले.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणते तुमचे हात गार आहेत.

घंटा थांबली.

माणसे बांधाकडे येत आहेत — दाराच्या फटीतून दिसते. पुढे अप्पासाहेब, फेटा बांधलेला. मागे सोजराबाई, हातात ताट, कुंकवाचे. कोहळा ठेवला. अप्पासाहेबांना नेम येत नाही, आयुष्यात पिस्तूल धरलेले नाही, पण याला नेम हवा कुठे —

पुष्पा विचारते, काय लिहिता एवढे.

कुंकू लावले. सोजराबाई पुढे झाल्या. अप्पासाहेबांच्या कानाशी वाकल्या, काही सांगितले. त्यांनी मान डोलावली. हात वर — आता ते मोठ्याने नाव घेतील, आणि ते कोणते —